जेवलीस का गं?

गेल्या महिन्यात माझ्या कामाच्या तपासणीचा अहवाल आला, तेव्हा त्यात दोन गुण कापलेले होते. कारणाच्या रकान्यात एवढेच लिहिले होते की दुभाषीने रुग्णाशी परस्पर संभाषण केले आणि त्याचा अनुवाद परिचारिकेला सांगितला नाही. कॉल १९ मिनिटांचा होता. परस्पर संभाषण एका शब्दाचे होते आणि तो शब्द होता ‘हो’. गुण गेल्याचे फारसे वाईट वाटले नाही, कारण नियम पाहिला तर तपासनीसाचेच बरोबर होते. तरीही तो ‘हो’ काही केल्या डोक्यातून जात नाही.

मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहते आणि रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळेत फोनवरून दुभाषीचे काम करते. अमेरिकेतल्या एखाद्या रुग्णालयात डॉक्टर इंग्रजी बोलत असतात, खाटेवरच्या माणसाला हिंदी किंवा मराठीखेरीज काही येत नसते, तेव्हा उशाशी ठेवलेल्या फोनमधून येणारा तिसरा आवाज माझा असतो. त्याआधी नऊ वर्षे मी अंधेरीच्या एका कार्यालयात मेडिक्लेमचे दावे तपासत होते, त्यामुळे रोगांची आणि औषधांची नावे तोंडात बसलेली होती. वडिलांच्या आजारपणात घरी राहणे भाग पडले म्हणून हे काम धरले. वडील गेले, काम राहिले. आता जे सांगणार आहे त्यात आजींचे गाव, आजार, रुग्णालय, सगळे बदललेले आहे. गोपनीयतेच्या करारावर माझी सही आहे आणि तो करार मला मनापासून मान्य आहे, कारण उद्या माझी आई कुठल्या परक्या खाटेवर असेल तर तिचे बोलणे कुणी लेखात घालू नये असेच मलाही वाटेल.

रात्रीचा दीड वाजला होता. तसे माझे बहुतेक कॉल हिंदीचे असतात. मराठीचा आठवड्यातून एखादा आला तर आला. त्यामुळे पडद्यावर ‘मराठी’ असे उमटले की पाठ आपोआप ताठ होते. खुब्याचे ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. परिचारिकेने विचारले की दुखणे शून्य ते दहा यांत किती आहे. आजी म्हणाल्या, “म्हणजे काय, परीक्षा घेताय का माझी?” मी तेही इंग्रजीत सांगितले, कारण जे बोलले जाईल ते सगळे सांगायचे हाच नियम आहे. परिचारिका हसली. मग आजी जरा विचार करून म्हणाल्या, “दुखतं असं नाही गं. ठसठसतंय. आणि कूस बदलायला गेलं की कळ निघते ती पार घोट्यापर्यंत.”

असा क्षण आला की आपल्या भाषेचा अभिमानही वाटतो आणि घामही फुटतो. ठणकणे वेगळे, ठसठसणे वेगळे, सलणे वेगळे. चमक निघते, कळ येते, उसण भरते, आग होते, भगभगते, पोटात मुरडा येतो आणि नुसतेच ढवळतेही. आपल्याकडे दुखण्याला एवढे शब्द असतात आणि पलीकडच्या अर्जावर शून्य ते दहा असे अकरा चौकोन असतात. आजींच्या ठसठशीला इंग्रजी शब्द मिळाला, कळेलाही मिळाला, पण त्या दोन वाक्यांच्या मध्ये त्यांनी घेतलेला जो दीर्घ श्वास होता, त्याचे मी काही केले नाही. शेवटी आजींनीच तडजोड केली. “लिही सहा,” म्हणाल्या, “पाच लिहिलंस तर गोळी देणार नाहीत.”

मग अचानक त्या माझ्याकडे वळल्या. वळल्या म्हणजे आवाज फोनच्या जवळ आला. “तू मुंबईची ना गं? बोलण्यावरून कळतं. तिकडे आता मध्यरात्र उलटली असेल. जेवलीस का?” आपण कुठे बसलो आहोत हे दुभाषीने सांगायचे नसते. मी परिचारिकेला सांगितले की दुभाषी जेवली का, असे रुग्ण विचारत आहेत. “किती गोड,” असे म्हणून ती रक्तदाब मोजायला लागली. दंडाचा पट्टा चर्रकन उघडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्या आवाजाच्या आडून आजींनी पुन्हा, आता जरा हळू, विचारले, “जेवलीस का गं?” आणि मी म्हटले, “हो.”

मी जेवले नव्हते.

या कामात ‘मी’ हा शब्द मी दिवसभरात, म्हणजे रात्रभरात, शेकडो वेळा उच्चारते, आणि त्यांतला एकही माझा नसतो. डॉक्टर म्हणतात तसेच प्रथमपुरुषात बोलायचे, ‘डॉक्टर म्हणतात की’ असे लावायचे नाही. इंग्रजीत यात काही अडत नाही. मराठीत मात्र क्रियापद लगेच लिंग विचारते. पुरुष डॉक्टरच्या वतीने बोलताना “मी तपासतो” म्हटले तर बाईच्या आवाजात ‘तपासतो’ ऐकून रुग्ण गोंधळतो, आणि “मी तपासते” म्हटले तर त्याला वाटते की तपासणारी मीच आहे. मग सवयीने एक वाट सापडते. ‘तपासेन’ म्हटले की लिंग लपते, ‘तपासले’ म्हटले तरी लपते; वर्तमानकाळ तेवढा टाळायचा. हिंदीत उलट भविष्यकाळच दगा देतो. ‘यू’चे तू करायचे की तुम्ही, हा निर्णयही डॉक्टरांच्या नकळत मीच घेते, आणि एखाद्या पंचवीस वर्षांच्या मुलीच्या तोंडी सत्तर वर्षांच्या बाईसाठी ‘तुम्ही’ घालते. मूळ वाक्यात नसलेले ‘आजी’ मात्र घालता येत नाही, ती भर ठरते. आणि मला स्वतःला काही सांगायचे असेल, एखादा शब्द ऐकू आला नसेल किंवा खुलासा हवा असेल, तर तेव्हा मी तृतीयपुरुषी होते: “दुभाषीला हे वाक्य पुन्हा ऐकायचे आहे.” पहिल्या महिन्यात हे फार मजेशीर वाटत असे. घरीसुद्धा एकदा आईला म्हणाले होते, “दुभाषीला चहा हवा आहे.”

पैशांबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण लिहिले नाही तर हा लेख अर्धाच राहील. मला मिनिटाला १४ सेंट मिळतात. मिनिट म्हणजे जोडलेले मिनिट. आठ तास मी हेडसेट लावून बसलेली असते, घंटा वाजली की काही सेकंदांत उचलायचे, तीन कॉल हुकले तर यंत्रणा आपोआप बाहेर काढते. पण दोन कॉलच्या मधला वेळ कुणाच्याच खात्यात जमा होत नाही. चांगल्या रात्री १९० मिनिटे भरतात, म्हणजे साडेसव्वीस डॉलर, आपले साधारण सव्वादोन हजार रुपये. वाईट रात्री ७० मिनिटे भरतात आणि हातात सव्वाआठशे येतात, तेही पैसे पाठवणारी कंपनी आणि बँक आपापला वाटा कापण्याआधीचे. महिन्याचे बिल पुढच्या महिन्याच्या शेवटी मिळते. आजारी पडले तर रजा नसते, कारण करारात माझा उल्लेख ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असा आहे. या स्वतंत्र व्यावसायिकाला लघवीला जाण्यासाठी पडद्यावरचे एक बटण दाबून जावे लागते आणि ती मिनिटेही कुठेतरी मोजली जातात.

एका रात्री एका विमा कंपनीने आम्हाला ४० मिनिटे होल्डवर ठेवले होते. मी आणि एक वयस्कर गृहस्थ दोघेही पियानोची एकच धून ऐकत बसलो होतो. मधूनच ते खाकरायचे. त्याच रात्री पुढे ६ मिनिटांचा एक कॉल आला आणि त्यात मी एका बाईला सांगितले की तिच्या पोटातल्या बाळाचे ठोके सापडत नाहीत. सांगितले म्हणजे डॉक्टरांनी सांगितले, पण तिला समजेल अशा भाषेत ते वाक्य पहिल्यांदा उच्चारले गेले ते माझ्या तोंडून. पियानोचे ५ डॉलर ६० सेंट झाले, या वाक्याचे ८४ सेंट. फोन ठेवल्यावर दहा सेकंदांत पुढची घंटा वाजली. कुणाला तरी दाताच्या डॉक्टरची वेळ बदलून हवी होती, आणि मी अत्यंत प्रसन्न आवाजात नमस्कार म्हटले.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये न्यूरेंबर्गला खटले चालले, तेव्हा दुभाष्यांच्या हाताशी दोन दिव्यांची सोय होती: पिवळा लागला की बोलणाऱ्याने सावकाश बोलायचे, लाल लागला की थांबायचे. आजही मोठ्या परिषदांत एकाच वेळी बोलणे आणि अनुवाद चालतो तिथे काचेच्या खोलीत दोघे दुभाषी असतात आणि साधारण अर्ध्या तासाने ते पाळी बदलतात, कारण त्यानंतर चुका वाढतात हे त्या धंद्यात सर्वांना मान्य आहे. फोनवर आम्ही वाक्यागणिक थांबून बोलतो, त्यामुळे आम्हाला थकवा येत नाही अशी समजूत असावी. मी सलग ७५ मिनिटे एका मनोविकार तपासणीत बोललेली आहे. शेवटच्या दहा मिनिटांत हिंदीतले वाक्य ऐकून मी ते हिंदीतच परत म्हटले. डॉक्टर गप्प, रुग्ण गप्प. मला स्वतःला ते कळायलाही काही क्षण गेले.

चुकीची भीती आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी घातली जाते. १९८० मध्ये फ्लोरिडात एका १८ वर्षांच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले आणि नातेवाइकांनी ‘इन्टॉक्सिकादो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. त्यांना म्हणायचे होते की काहीतरी खाण्यातून बाधले असावे. डॉक्टरांनी इंग्रजी शब्दाशी असलेले साम्य धरून अमली पदार्थांचा अतिरेक असे समजून उपचार केले. खरे दुखणे मेंदूतल्या रक्तस्रावाचे होते. मुलाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले, आणि नुकसानभरपाईची तडजोड सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरांवर गेली. हे ऐकून वर्गातले आम्ही सगळे गंभीर झालो होतो. नंतर त्याच वर्गात दराचा तक्ता दाखवला गेला.

आमचे सापळे स्पॅनिशपेक्षा वेगळे आहेत. ‘परवा’ या शब्दाचे काय करायचे? तो मागेही जातो आणि पुढेही जातो, आणि “परवापासून गोळी बंद” असे रुग्णाने अर्धवट तोडले तर क्रियापद येईपर्यंत श्वास रोखून बसावे लागते. साखर किती आली, असे विचारले की उत्तर येते ‘पावणेदोनशे’. ते १७५ म्हणून पुढे द्यायला मला अर्धा सेकंद लागतो, पण एकोणसत्तर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद ही तिन्ही भावंडे रात्री तीन वाजता एकसारखी दिसतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात बावन्नच्या जोडीला ‘पन्नास दोन’ आणले, तेव्हा मीही सगळ्यांसारखी चेष्टा केली होती. आता कुणी फोन नंबर सांगायला लागले की त्या पुस्तकाची मनोमन क्षमा मागते. आकडे टिपायला कागद चालत नाही, कारण टिपणे नष्ट करावी लागतात. म्हणून मी माळ्यावरची माझी शाळेतली पाटी काढली होती. लिहायचे आणि ओल्या फडक्याने पुसायचे. चार दिवसांत ती परत माळ्यावर गेली. पाटीवरच्या पेन्सिलीची करकर त्या नाजूक मायक्रोफोनला पलीकडे पोचवायला फार आवडत होती.

आवाज हा मुंबईतल्या या कामाचा खरा शत्रू आहे. करारात ‘निःशब्द खोली’ लिहिले आहे. ते लिहिणाऱ्याने आमच्या वसाहतीचा पुनर्विकास पाहिलेला नसावा. दिवसा शेजारच्या भूखंडावर पाया खणणारी यंत्रे घरातल्या भांड्यांना कंप सुटेपर्यंत धडधडतात, म्हणून रात्रपाळी एका अर्थाने वरदानच आहे. तरी द्रुतगती मार्गावरचे ट्रक आहेत, कुत्री आहेत, वरच्या मजल्यावर रात्री साडेअकराला खुर्ची ओढणारे एक काका आहेत. दाराला आजीची जुनी गोधडी खिळ्यांनी ठोकली आहे. पंख्याचा आवाज पलीकडे जातो म्हणून पंखा बंद, आणि मे महिन्यात कानावरची गादी घामाने चिकटते ती कॉल संपल्यावर सोलावी लागते. गणपतीचे दहा दिवस मी बदलापूरला मावसबहिणीकडे काढते. चैत्रात पहाटे चारला कोकीळ सुरू होतो. एका डॉक्टरांनी मला गंभीरपणे विचारले होते की रुग्णाच्या खोलीत पक्षी आहे का. त्या वेळी मी दुभाषी म्हणून काही खुलासा करावा की करू नये, याचा नियम कुठे सापडला नाही.

काळा घोड्याला गेले की मी हल्ली रस्त्याच्या पाटीकडे पाहते. के. दुबाश मार्ग. दुबाश म्हणजे दोन भाषा येणारा; बंदरात आलेल्या जहाजाला धान्य, पाणी, दोरखंड पुरवणारा आणि गोऱ्या कप्तानाशी त्याच्या भाषेत सौदा करणारा. धंद्याचे नाव घराण्याला लागले, आणि घराण्याचे नाव मुंबईतल्या एका देखण्या रस्त्याला. १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर राज्याभिषेकासाठी आला, तेव्हा त्याच्यासोबत नारायण शेणवी दुभाषी होते आणि इंग्रजांच्या कागदांत त्यांचे नाव आहे. माझ्या कॉलच्या नोंदीत माझा फक्त क्रमांक असतो. याचे मला वाईट वाटत नाही, एखाद्या बिथरलेल्या नातेवाइकाला माझे नाव कळू नये हे बरेच आहे; पण रात्रभर क्रमांक सांगून सकाळी दूधवाल्याने नावाने हाक मारली की क्षणभर चुकल्यासारखे होते.

हे काम मुळात आहे ते तिकडच्या कायद्यामुळे. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्य कायद्यातले भेदभावविरोधी कलम यांमुळे रुग्णालयाला दुभाषी पुरवावा लागतो, तोही रुग्णाकडून पैसे न घेता. लहान मुलांना आईबापांसाठी दुभाषी करण्यावरही निर्बंध आहेत. १ मार्च २०२५ रोजी इंग्रजी ही तिथली अधिकृत भाषा ठरली आणि सरकारी सेवांत भाषासाहाय्य सांगणारा २००० सालचा आदेश रद्द झाला, तेव्हा आमच्यातले सगळेच रोजचे कॉल मोजू लागले. इकडे आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे पक्क्या नोकरीविना कामागणिक पैसे मिळवणारे, हा शब्द आला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली. मी मोठ्या आशेने व्याख्या वाचली. पण परदेशी कंपनीशी थेट करार करून घरात बसलेल्या बाईची सामाजिक सुरक्षेची वर्गणी नेमकी कोण भरणार, या प्रश्नावर आमच्या कर सल्लागारांनी चष्मा पुसायला घेतला.

तरी तिकडे किमान फोन आहे, असे मला कधीकधी वाटते. वडिलांना परळच्या एका मोठ्या रुग्णालयात ठेवले होते तेव्हा शेजारच्या खाटेवर देवगडकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. शिकाऊ डॉक्टर दक्षिणेतला, मोडके हिंदी बोलणारा. हे अस्सल मालवणीत पोटदुखी सांगणारे. डॉक्टर मोठ्याने बोलत होता, म्हातारे त्याहून मोठ्याने. तेवढ्यात चादर बदलायला आलेल्या आयाबाईंनी हातातले काम न थांबवता दोन्हीकडचे दोन्हीकडे पोचवले. जेवणानंतर दुखते की आधी, हा प्रश्न तर त्यांनी स्वतःच भर घालून विचारला. माझ्या तपासनीसाने त्यांचे निदान पंधरा गुण कापले असते. त्या म्हाताऱ्यांना ‘बाबानू’ म्हणत होत्या, पाठीवर हात ठेवत होत्या, आणि चादरीचा शेवटचा कोपरा खोचून पुढच्या खाटेकडे गेल्या. त्यांना त्याचे काही मिळाले नाही. मला पैसे मिळतात, हा फरक आहे, आणि तो लहान नाही.

अहवालाच्या खाली ‘दुभाषीचे म्हणणे’ असा एक रकाना असतो. चार रात्री मी तो उघडून बंद करत होते. काय लिहायचे? एकदा लिहिले की रुग्ण वयोवृद्ध होत्या आणि आमच्याकडे त्या प्रश्नाला उत्तर न देणे हा उद्धटपणा मानला जातो. ते खोडले, कारण संस्कृतीवर व्याख्यान दिल्यासारखे वाटले. एकदा लिहिले की पुढे असे होणार नाही. तेही खोडले. कॉलचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकण्याची सोय असते म्हणून ऐकले. चर्रर्र, मग आजींचा प्रश्न, मग माझा ‘हो’, इतका झटकन की जणू कुणीतरी आधीच लिहून दिला होता. त्या संपूर्ण रात्रीतले माझे स्वतःचे म्हणता येईल असे ते एकच उत्तर होते आणि नेमके तेच खरे नव्हते. बाकीचे सगळे, सहा आकडा, घोट्यापर्यंत जाणारी कळ, गोळीचे नाव, अगदी अचूक होते. स्वयंपाकघरात आमटीभाताचे ताट आईने झाकून ठेवलेले होते आणि पहाटे पाचला ते मी तसेच फ्रिजमध्ये ठेवले होते.

रकाना मी रिकामाच पाठवला. कॉलचे २ डॉलर ६६ सेंट पुढच्या महिन्यात जमा झाले. आजींचा आवाज पुन्हा आला नाही. येण्याचा संभवही नव्हता, कॉल कुणाकडे जाईल हे यंत्रणा ठरवते. हल्ली मी लॉगिन करण्याआधी साडेआठलाच पानावर बसते. आमटी धड उकळलेलीही नसते. आई वाढता वाढता विचारते, “एवढ्या लवकर भूक लागते का गं तुला?”

मी म्हणते, “हो.”